वर्धमान पिप्पली आणि मासिक हप्ता : आभासी चलनातील गुंतवणुकीचा वैद्यांनी करावयाचा विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या आहेत. पहिली प्राणैषणा, दुसरी धनैषणा आणि तिसरी परलोकैषणा. हा क्रम अर्थपूर्ण आहे. प्राण राखले तरच धनाचा उपयोग. आणि दीर्घायुष्य लाभूनही निर्वाहाचे साधन नसेल तर त्या आयुष्यासारखे कष्टप्रद दुसरे काही नाही. धनप्राप्तीचे मार्ग म्हणून तेथे कृषी, पशुपालन, वाणिज्य आणि राजसेवा यांचा उल्लेख येतो. या यादीत अर्थातच बिटकॉइन नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या वैद्यबंधूंच्या बैठकीत, औषधालयांच्या गल्ल्यापाशी आणि कित्येकदा प्रत्यक्ष चिकित्सालयातही ज्या विषयाची चर्चा हमखास निघते, तो विषय हाच आहे. "दरमहा थोडे थोडे घेत राहिले तर धोका उरत नाही ना?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या वेळा विचारला गेला की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे, असे वाटले.

करंजासारख्या गावात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. द्रोणागिरीच्या पायथ्याचे हे कोळी-आगरी गाव. हनुमंताने नेलेल्या औषधी पर्वताचा तुकडा येथे पडला, अशी लोकश्रद्धा असल्याने आम्हा वैद्यांना या डोंगराविषयी विशेष ममत्व. पण गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत उरण-पनवेलच्या पट्ट्याने औषधींपेक्षा पैशाची उलाढाल अधिक पाहिली आहे. १९७० साली नवी मुंबईसाठी भूसंपादनास आरंभ झाला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. जमीन गेली, पैसा आला. आणि जेथे एकरकमी पैसा येतो तेथे तो दुप्पट करून देणारेही येतात. म्हणूनच या विषयाकडे वैद्याच्या चिकित्सक दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

पद्धती जुनीच आहे

ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम, भाव कोणताही असो, एकाच वस्तूत गुंतवीत राहणे, एवढाच या पद्धतीचा अर्थ. अमेरिकेत तिला 'डॉलर कॉस्ट अॅव्हरेजिंग' म्हणतात. बेंजामिन ग्रॅहॅम या अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' या ग्रंथात सावध गुंतवणूकदारासाठी तिचा पुरस्कार केला. आपल्याकडे म्युच्युअल फंडांची 'एसआयपी' ही तिचीच आवृत्ती. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील एसआयपीची मासिक जमा प्रथमच पंचवीस हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली, यावरून ती किती रुजली आहे हे ध्यानात यावे.

तथापि नियमित अल्पसंचयाची सवय आपल्याकडे त्याहून जुनी आहे. उडुपीचे डॉ. टी. एम. ए. पै हे स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते. त्यांनी १९२५ मध्ये सहकाऱ्यांसह जी बँक स्थापन केली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झाली. या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन रोजचे दोन आणे गोळा करीत असे. एका वैद्यकीय व्यावसायिकाला सामान्यांच्या आर्थिक प्रकृतीची नाडी इतकी अचूक सापडावी, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. आपल्या बाजारपेठांतून आजही फिरणारा पिग्मी एजंट, घराघरांतील भिशी आणि टपाल खात्याची आवर्ती ठेव हे सर्व त्याच कुळातले. फरक एवढाच की पिग्मीत किंवा आवर्ती ठेवीत मुद्दल घटत नाही. येथे वस्तूचा भाव वर-खाली होत असतो. या पद्धतीचा लाभ आणि धोका, दोन्ही त्या चढउतारातूनच उत्पन्न होतात.

औषधालय-मालकांना हे गणित सहज उमजेल. समजा, एखादे औषधी द्रव्य आपण सहा महिने, दरमहा सहा हजार रुपयांचे घेतो. सोयीसाठी किलोचे काल्पनिक भाव अनुक्रमे ३००, २००, १५०, २००, ३०० आणि ४०० रुपये धरू. मिळणारा माल अनुक्रमे २०, ३०, ४०, ३०, २० आणि १५ किलो, म्हणजे एकूण १५५ किलो. खर्च ३६,००० रुपये. किलोमागे पडलेली किंमत सुमारे २३२ रुपये. मात्र सहा महिन्यांच्या भावांची साधी सरासरी २५८ रुपये येते. भाव उतरला तेव्हा तेवढ्याच पैशांत अधिक माल आला आणि चढला तेव्हा कमी आला, म्हणून आपली खरेदी सरासरीपेक्षा स्वस्त पडली. यात चमत्कार नाही, केवळ अंकगणित आहे.

परंतु याच उदाहरणात सातव्या महिन्यात भाव १०० रुपयांवर उतरला तर? आपल्या १५५ किलो मालाची किंमत १५,५०० रुपये होईल आणि निम्म्याहून अधिक भांडवल गेलेले असेल. सरासरीपेक्षा स्वस्त घेणे आणि नफा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पद्धतीवर अवलंबून असते, दुसरी द्रव्यावर. आणखी एक भेद असा की भाव पडला तरी औषधी द्रव्याचे चूर्ण करता येते, काढा करता येतो. आभासी नाण्याचा भाव गेला तर हाती काहीच उरत नाही.

द्रव्याचा विचार

बिटकॉइनची संकल्पना सातोशी नाकामोटो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याची पहिली नोंद झाली. सोप्या शब्दांत सांगायचे तर ही एक सामाईक खतावणी आहे. तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. म्हणून कोणा एकाला तिच्यात खाडाखोड करता येत नाही. नवी नाणी ठरलेल्या गतीने निर्माण होतात, ती गती साधारणतः दर चार वर्षांनी निम्मी होते आणि एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जाणार नाही, असा मूळ नियम आहे. या दुर्मिळतेवर तिच्या समर्थकांचा भर असतो. विरोधकांचे म्हणणे असे की या नाण्यामागे ना शेत, ना कारखाना, ना सरकारची हमी. पुढचा माणूस अधिक पैसे देईल या अपेक्षेखेरीज त्याला आधार नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

भावाची नाडी पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये एक बिटकॉइन १९ हजार डॉलरच्या वर गेले आणि वर्षभरात ३,२०० डॉलरच्या आसपास उतरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ६९ हजारांच्या घरात पोहोचले आणि पुढच्या नोव्हेंबरात १६ हजारांच्या आसपास आले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाची मजल गाठली आणि त्यानंतर पुन्हा मोठी घसरण झाली. आपल्या परिभाषेत ही नाडी चपल, विषम आणि वातप्रधान आहे.

अशा नाडीवर हप्त्याच्या पद्धतीचा काय परिणाम होतो, ते पाहू. एखाद्याने २०२१, २०२२ आणि २०२३ या तीन वर्षांच्या अखेरीस प्रत्येकी एक हजार डॉलरचे बिटकॉइन घेतले, असे मानू. त्या वेळचे भाव स्थूलमानाने ४६,३००, १६,५०० आणि ४२,२०० डॉलर होते. त्याला एका नाण्याची किंमत सुमारे २८,३०० डॉलर पडली. भावांची साधी सरासरी मात्र ३५,००० होती. २०२४ च्या अखेरीस, म्हणजे ९३ हजारांच्या भावाने, त्याच्या तीन हजारांचे सुमारे ९,९०० डॉलर झाले असते. तेच तीन हजार २०२१ च्या अखेरीस एकरकमी घातले असते तर सुमारे ६,००० झाले असते. पद्धतीचे गुण सांगणारे अशी उदाहरणे देतात आणि ती खोटी नसतात.

पण आता दुसरे द्रव्य घेऊ. 'लुना' नावाचे आभासी नाणे एप्रिल २०२२ मध्ये शंभर डॉलरच्या वर होते. मे महिन्याच्या मध्यावर त्याची किंमत एका सेंटहूनही खाली गेली. या नाण्यात कोणी दोन वर्षे निष्ठेने मासिक हप्ता भरला असता तरी शेवटी हाती शून्यच आले असते. उलट, भाव पडताना "आता स्वस्त मिळते आहे" म्हणून त्याने अधिकच पैसे घातले असते. बिटकॉइन सावरले म्हणून हप्त्याची पद्धत यशस्वी ठरली. बिटकॉइन पद्धतीमुळे सावरले नाही. मागे चार वेळा सावरले म्हणून पाचव्यांदाही सावरेलच, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

येथे मला वर्धमान पिप्पली रसायनाचे स्मरण होते. चरकांनी चिकित्सास्थानात सांगितलेल्या या प्रयोगात दहा पिंपळ्यांनी आरंभ करून रोज दहाने वाढवीत दहाव्या दिवशी शंभरापर्यंत जायचे आणि त्याच क्रमाने उतरायचे. एकोणीस दिवसांत बरोबर एक हजार पिंपळ्या होतात. बलवानाला दहाचा क्रम, मध्यमबलाला सहाचा आणि अल्पबलाला तीनचा, असा विवेकही तेथेच आहे. आज व्यवहारात इतकी मात्रा आपण देत नाही, हे वेगळे. परंतु ज्या चरकांनी हा क्रम सांगितला, त्यांनीच विमानस्थानात पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत सेवन करू नयेत, असे बजावले आहे. क्रमाने द्रव्य सोसते. पण क्रमाने द्रव्याचा स्वभाव पालटत नाही. आणि क्रम रुग्णाच्या बलावरून ठरतो, शेजाऱ्याच्या बलावरून नाही. मासिक हप्त्याविषयी यापेक्षा नेमके मार्गदर्शन मला अन्यत्र आढळले नाही.

पद्धतीची खरी कसोटी

अर्थशास्त्रातील एक निष्कर्षही आपण जाणून घ्यावा. अमेरिकेतील व्हॅनगार्ड या गुंतवणूकसंस्थेने २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की हाती एकरकमी पैसा असेल तर तो हप्त्याहप्त्याने घालण्यापेक्षा एकदम घालणे सुमारे दोन-तृतीयांश वेळा अधिक लाभाचे ठरले. कारण त्या बाजारांचा कल दीर्घकाळ चढता होता. हा अभ्यास शेअर आणि रोख्यांचा होता, आभासी नाण्यांचा नव्हे. मग हप्त्याची पद्धत कशासाठी? तिचा खरा गुण नफ्याचा नसून मनोनिग्रहाचा आहे. ती लोभाला आणि भयाला आवर घालते.

आणि नेमके तेथेच आपण चुकतो. माझेच उदाहरण देतो. २०२१ च्या फेब्रुवारीत मी दरमहा तीन हजार रुपयांचा हप्ता सुरू केला. त्या एप्रिलपर्यंत भाव वाढत होता, तेव्हा मोठ्या समाधानाने वहीत नोंदी केल्या. मे महिन्यात भाव कोसळला, तरी धीर धरला. जून २०२२ मध्ये तो वीस हजार डॉलरच्या खाली जाऊ लागला तेव्हा मात्र मी हप्ता बंद केला. पद्धतीच्या नियमाप्रमाणे सर्वाधिक माल पदरात पडण्याची वेळ तीच होती. पुढे २०२४ च्या डिसेंबरात, एक लाख डॉलरच्या बातम्या वर्तमानपत्रांतून झळकत असताना, मी हप्ता पुन्हा सुरू केला आणि तोही दुप्पट रकमेचा. म्हणजे स्वस्त असताना घेतले नाही आणि महाग झाल्यावर भरघोस घेतले. रुग्णाने ज्वर उतरताच औषध सोडले की आपण त्याला रागावतो. मी स्वतः त्याहून वेगळे वागलो नाही. प्रज्ञापराध तो हाच. माझे फार मोठे नुकसान झाले नाही, कारण रक्कम लहान होती. परंतु "शिस्तीची पद्धत" घेतली म्हणजे शिस्त आपोआप येते, हा भ्रम फिटला.

याहून गंभीर हकीकत आमच्या पट्ट्यातील एका औषधालय-मालक स्नेह्यांची आहे. २०२१ च्या दिवाळीचा गल्ला चांगला झाला होता. जानेवारीत च्यवनप्राशासाठी आवळा आणि अन्य कच्चा माल घ्यायचा, त्यासाठी ती रक्कम बाजूला होती. दोन महिने पैसा नुसता पडून राहणार, म्हणून त्यांनी नोव्हेंबरात चार साप्ताहिक हप्त्यांत त्याचे बिटकॉइन घेतले. "हप्त्याने घेतो आहे, म्हणजे धोका नाही," असे त्यांनी मला सांगितले होते आणि मीही मान डोलावली होती. जानेवारीच्या अखेरीस भाव उतरून त्यांच्या रकमेतील सुमारे दोन-पंचमांश भाग गेला. आवळ्याचा हंगाम थांबत नाही. त्यांनी उरलेल्यातून थोडा माल घेतला, थोडा उधारीवर घेतला, आणि त्या वर्षी त्यांचा च्यवनप्राश निम्माच झाला. बिटकॉइन पुढे सावरले, हे खरे. पण त्यांनी ते केव्हाच विकले होते. मला त्यांच्या तोट्यापेक्षा माझ्या त्या मान डोलावण्याचे अधिक वाईट वाटते. निदान चुकले होते ते काळाचे. दोन महिन्यांनी लागणारा पैसा या पद्धतीचा रुग्णच नव्हे.

अनुपान : कर, कायदा आणि ताबा

द्रव्य आणि मात्रा ठरली तरी अनुपान पाहावे लागते. भारतात राहणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, कायद्याची स्थिती. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ पासून आभासी चलनांच्या धोक्याविषयी इशारे दिले आहेत. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. मार्च २०२३ पासून अशा व्यवहारसंस्थांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले गेले आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. परंतु ही नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. बिटकॉइन बाळगणे गुन्हा नाही, पण ते भारतात अधिकृत चलनही नाही.

दुसरी, कर. १ एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर उपकर वेगळा. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी १ टक्का रक्कम मुळातच कापली जाते. सर्वांत कठीण तरतूद ही की एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही. समजा, एका नाण्यात ४० हजारांचा नफा झाला आणि दुसऱ्यात ३० हजारांचा तोटा. प्रत्यक्ष कमाई १० हजार. कर मात्र ४० हजारांवर, म्हणजे चार टक्के उपकरासह १२,४८० रुपये. कमावले दहा आणि दिले साडेबारा! हप्त्याने घेणाऱ्यासाठी यात आणखी एक मेख आहे. प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असल्याने प्रत्येकाची तारीख, भाव आणि प्रमाण यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. ज्यांना औषधालयाची खतावणी जड वाटते, त्यांनी याचा विचार आधीच करावा.

तिसरी, ताबा. मुंबईस्थित वझीरएक्स या व्यवहारसंस्थेवर जुलै २०२४ मध्ये सायबर दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीस गेली. सिंगापूरच्या न्यायालयाने पुनर्रचनेची योजना मान्य केल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले; म्हणजे जवळजवळ पंधरा महिने ग्राहकांना आपली नाणी हलविता आली नाहीत. त्या ग्राहकांपैकी कित्येकांनी हप्ते अगदी शिस्तीने भरले असतील. नाणी स्वतःच्या ताब्यात ठेवायची तर बारा किंवा चोवीस शब्दांची गुप्त मालिका जपावी लागते. ती हरवली की धन कायमचे गेले. कुटुंबात कोणालाच ती ठाऊक नसेल तर वारसांच्या हाती काही लागत नाही. पनवेलकरांना कर्नाळा नागरी सहकारी बँकेची घटना विसरता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, तेव्हा निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते. आभासी नाण्यांना तेवढेही नाही.

कूटद्रव्यापासून सावध

अस्सल द्रव्याच्या नावाने भेसळ विकली जाते, हे आपल्या व्यवसायाला नवे नाही. नागकेशराच्या नावाने काय काय येते, हे प्रत्येक औषधालय-मालक जाणतो. येथेही तसेच आहे. 'गेनबिटकॉइन' प्रकरण पुण्यात गाजले. दरमहा दहा टक्के दराने अठरा महिने बिटकॉइनमध्ये परतावा, असे त्यात आमिष होते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या प्रकरणाचा सर्वांत बोधप्रद भाग असा की तपासात साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्त बिटकॉइन वळविल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली.

यावरून एकच लक्षण पाठ करावे. जेथे परताव्याची खात्री दिली जाते, तेथे ती गुंतवणूक नसते. मासिक हप्त्याने स्वतः बिटकॉइन घेणे आणि कोणाच्या 'योजनेत' मासिक हप्ता भरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात भाव पडण्याचा धोका आहे. दुसऱ्यात बहुधा नाणेच नसते.

पथ्यापथ्य

आता प्रश्न उरतो, करावे की करू नये? मी सरसकट निषेध करणार नाही. अयोग्य रीतीने वापरलेले औषध विष होते आणि योग्य रीतीने वापरलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते, हे आपलेच सूत्र आहे. बचनागाशिवाय त्रिभुवनकीर्ती होत नाही. पण शोधनाशिवाय बचनाग वापरीत नाहीत आणि मात्रा गुंजेच्या हिशेबानेच मोजतात. त्याच धर्तीवर माझ्यापुरते मी ठरविलेले शोधन पुढे देतो. अधिक जाणकारांनी त्यात भर घालावी.

एक, प्रथम अग्निरक्षण. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक चिकित्सालये आठवडेच्या आठवडे बंद राहिली. घरखर्च, भाडे आणि साहाय्यकांचे वेतन मिळून सहा महिन्यांची तरतूद बँकेत असल्याखेरीज या मार्गास लागू नये.

दोन, कच्च्या मालाचा, उधारीचा, कर्जाचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा पैसा यात घालू नये. ज्याची निदान पाच-सात वर्षे गरज नाही आणि जो पूर्ण गेला तरी झोप मोडणार नाही, तोच घालावा. माझ्यासाठी ही मर्यादा एकूण बचतीच्या शंभराव्या भागाची आहे.

तीन, हप्ता बलाप्रमाणे. आमच्याकडे मासेमारी पावसाळ्यात बंद असते आणि त्या काळात कोळी कुटुंबांची आवक थांबते. अनेक गावांतील वैद्यांची आवकही हंगामाप्रमाणे बदलते. इतरांचा दहाचा क्रम पाहून आपण तीनचे सहा करू नयेत.

चार, आरंभीच लेखी ठरवावे की किती काळ घ्यायचे, केव्हा थांबायचे आणि केव्हा विकायचे. उतरण्याचा क्रम ठाऊक नसताना चढू नये. वर्धमान प्रयोगात अवरोहही सांगितलेला असतो, तो याचसाठी.

पाच, प्रत्येक व्यवहाराची नोंद, करसल्लागाराला पूर्ण माहिती आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला सर्व ठावठिकाणा.

सहावे पथ्य आपल्या व्यवसायापुरते आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. काही महिन्यांपूर्वी संधिवातासाठी येणाऱ्या एका वृद्ध मावशींनी विचारले, "डॉक्टर, जमिनीचे थोडे पैसे आलेत. पोरगा म्हणतो, ते मोबाइलवरच्या नाण्यात दर महिन्याला घालू. तुम्ही घालता म्हणे. मग घालू ना?" त्यांना कोणाकडून कळले, ठाऊक नाही. क्षणभर मी निरुत्तर झालो. माझ्या तीन हजारांच्या हप्त्याचा त्या घरात पुरावा म्हणून वापर होत होता. वीस वर्षांच्या चिकित्सेने मिळविलेला विश्वास मी न कळत एका नाण्याला तारण दिला होता. मी त्यांना म्हटले, "मावशी, मी घालतो ते गेले तरी माझे घर चालते. तुमचे हे पैसे पुन्हा येणार नाहीत. जमीन एकदाच विकली जाते. मुलाला माझ्याकडे पाठवा, मी त्याच्याशी बोलतो." मुलगा आला. त्याला वरचे सर्व गणित वहीवर मांडून दाखविले, लुनाचे आणि कराचेही. पैसे अखेर टपाल खात्यात आणि बँकेत ठेवले गेले. त्याने स्वतःच्या पगारातून पाचशे रुपयांचा हप्ता ठेवला आहे. तो त्याचा अधिकार.

नाडी धरलेल्या हाताने दिलेला आर्थिक सल्ला रुग्णाला औषधासारखाच वाटतो. म्हणून चिकित्सालयात आपण कोणत्याही नाण्याची, योजनेची वा अॅपची शिफारस करू नये. धनैषणा दुसरी आहे, पहिली नाही. आणि ज्यांनी आपल्या हाती प्राणैषणा सोपविली आहे, त्यांच्या धनैषणेचा भार आपण हलक्या मनाने उचलू नये.

थेंबे थेंबे तळे साचते, हे खरेच. मात्र तळ्याला तळ आहे की नाही, हे पहिला थेंब सोडण्यापूर्वी पाहावे.